तळ्याकाठचा आठवडा

हॅलोबाईंना खरं नाव होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. मोठ्या इस्पितळाच्या तळघरात टेलिफोनची खोली होती. त्या खोलीला खिडकी नव्हती, आणि तिथेच कानाला हेडफोन लावून बाईंची अख्खी नोकरी गेली. बाहेरून येणारा प्रत्येक फोन आधी त्यांच्याकडे यायचा. कोणाला वॉर्ड हवा असायचा, कोणाला डॉक्टर, आणि कोणाला नुसतं "आमचा माणूस कसा आहे हो?" एवढं विचारायचं असायचं. बाई "हॅलो" म्हणायच्या ते असं, की घाबरून फोन करणारा माणूस तिथेच निम्मा शांत व्हायचा. म्हणून त्या हॅलोबाई. कॅन्टीनमध्ये त्यांच्या शेजारी बसलेल्या सर्जनला त्या कोण हे माहीत नसायचं, पण बाईंनी "जरा साखर सरकवता का?" म्हटलं की तो दचकून मान वर करायचा, "अरे, तुम्ही होय!"

नवराही त्यांना फोनवरच भेटला. इस्पितळाच्या लिफ्टची देखभाल करणारा मेकॅनिक एके दिवशी स्वतःच दोन मजल्यांच्या मध्ये अडकला आणि त्याने आतल्या फोनवरून तळघरात फोन लावला. दुसरा मेकॅनिक सुट्टीवर होता, त्याला घरून बोलवायचं म्हणजे वेळ लागणार होता. बाईंनी लाइन सोडली नाही. बाकीचे फोन जोडताजोडता त्या मधूनमधून त्याची विचारपूस करत राहिल्या. तो म्हणाला, माझी काळजी करू नका, डबा बरोबर आहे, जेवायला बसलोय. मग डबा बहिणीने केलाय हे सांगितलं, बहिणीचा हात मिठाच्या बाबतीत फार सढळ आहे हेही सांगितलं. बाहेर निघेपर्यंत त्याने आपला निम्मा जन्म सांगून टाकला होता. पुढे लग्न झालं तेव्हा इस्पितळात एक विनोद फिरला, की नवरा दिवसभर वर-खाली करणार, बायको दिवसभर इकडचं तिकडे जोडणार, मग संसार करायचा कोणी?

पण संसार चांगला झाला. मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी वाटून घेतलं आणि मग ते फारसं उगाळत बसले नाहीत. मीठ सढळ हाताने घालणारी ती थोरली बहीण, म्हणजे बाईंची नणंद, शाळेत कवायत शिकवायची. तिने लग्न केलं नाही. त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर ती राहायची, आणि निवृत्त झाल्यावरही तिच्या आवाजात शिटी होतीच.

लिफ्टवाल्यांची, म्हणजे बाईंच्या नवऱ्याची, एक सवय होती. दारावर कोणीही काही विकायला आलं, रस्त्यात कोणी कसला कागद हातात दिला, की ते नम्रपणे म्हणायचे, "बायकोला विचारून सांगतो." मग ना विचारायचे, ना सांगायचे. या एका वाक्यावर त्यांनी आयुष्यभर पैसे वाचवले. एकदाच हे वाक्य चाललं नाही. एका हॉटेलात मोफत जेवण आणि वर एक बॅग भेट मिळणार म्हणून दोघं गेली. तिथे एका टेबलाशी बसवून एक गोड बोलणारा माणूस त्यांना तळ्याकाठच्या रिसॉर्टबद्दल सांगू लागला. लिफ्टवाले सवयीने म्हणाले, "बायकोला विचारून..." आणि थांबले, कारण बायको शेजारीच बसलेली. त्या माणसाने हसून बाईंकडे पाहिलं आणि एक फोटो पुढे सरकवला. फोटोत एक खिडकी होती. खिडकीच्या पलीकडे नुसतं पाणी.

तळघरात जन्म काढलेल्या बाई म्हणाल्या, "घेऊ या."

घेतला तो टाइमशेअर. म्हणजे त्या रिसॉर्टमधली दुसऱ्या मजल्यावरची एक खोली दरवर्षी एक आठवडा त्यांची, आणि उरलेले आठवडे इतर मालकांचे. गेलात तरी न गेलात तरी दरवर्षी देखभालीचा खर्च मात्र भरायचा. लिफ्टवाले मित्रांना सांगायचे, "मी बावन्नाव्या हिश्शाचा जमीनदार आहे."

व्यवहार म्हणून तो आतबट्ट्याचाच होता, हे दोघांनाही लवकरच कळलं. तरी दरवर्षी ते गेले. खोलीत शिरल्यावर लिफ्टवाले आधी खिडकीची घट्ट कडी तेल घालून मोकळी करायचे. तेलाची इवलीशी बाटली ते घरूनच न्यायचे. मग खाली जाऊन रिसॉर्टच्या लिफ्टची तब्येत तपासायचे. त्यानंतर मात्र आठवडाभर काही करायचे नाहीत. एरवी ते कामावरून मुके होऊन घरी यायचे, आणि बाईही दिवसभर बोलून थकलेल्या असायच्या. पण तळ्याकाठी बाई खिडकीशी पाय पसरून गप्प बसायच्या आणि लिफ्टवाले बोलायचे. वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचे, पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत. "जुनी शिलाई मशीन विकणे आहे, चालू स्थितीत," असं ते बातमीच्या सुरात वाचायचे आणि वर आपलं मत द्यायचे, की चालू स्थितीत असेल तर विकतोय कशाला. बाईंना वर्षभराचं पुरून उरायचं ते बोलणं.

मग लिफ्टवाले गेले. निवृत्तीनंतर फार दिवस त्यांच्या वाट्याला आले नाहीत. हृदयाने दगा दिला, आणि इस्पितळही तेच, जिथे त्यांना सगळे ओळखत होते.

बाईंकडे त्यांचे फोटो ढीगभर होते. आवाज मात्र एकही नव्हता. जन्मभर लोकांचे आवाज लोकांपर्यंत पोचवलेल्या बाईने आपल्याच माणसाचा एक शब्द कुठे साठवून ठेवला नव्हता. कधी सुचलंच नाही. काही महिने त्या त्यांच्या मोबाइलवर फोन लावत राहिल्या, नुसता वाजू द्यायचा आणि ठेवायचा. एक दिवस पलीकडून कोणीतरी बाई म्हणाली, "कोण पाहिजे?" नंबर दुसऱ्या कोणाला दिला गेला होता. हॅलोबाईंनी माफी मागितली आणि पुन्हा तो नंबर लावला नाही. आवाज विसरायला लागतो, हे त्यांना तेव्हा कळायला लागलं. चेहरा तसाच राहतो, पण आवाज कडेने झिजत जातो. एखादं वाक्य आठवायचं, पण ते आता त्यांच्या स्वतःच्याच आवाजात ऐकू यायचं.

काही वर्षं त्या तळ्याकाठी गेल्याच नाहीत. देखभालीचं बिल मात्र दरवर्षी फुगत होतं. नणंद म्हणायची, "वहिनी, विकून टाक ती खोली. बसायला पाट नाही आणि खिडकीला सोन्याच्या कड्या." बाई हो म्हणायच्या आणि विषय बदलायच्या.

अशात एका दुपारी फोन आला. एक तरुण मुलगा होता. शुद्ध, स्वच्छ बोलत होता. म्हणाला, "मॅडम, मी पुनर्विक्री सल्लागार. तुमच्या तळ्याकाठच्या आठवड्याला आमच्याकडे गिऱ्हाईक तयार आहे." त्याने किंमत सांगितली ती त्यांनी खरेदी केली होती त्यापेक्षाही जास्त. बाईंना हसू आलं. त्यांनी नको म्हटलं आणि फोन ठेवणार, इतक्यात तो म्हणाला, "ठीक आहे मॅडम. मग साहेबांनाच सांगा, त्यांची फाइल आमच्याकडे अर्धवट पडली आहे."

बाईंनी फोन पुन्हा कानाला लावला. "त्यांची? कसली फाइल?"

बाईंनी साहेब वारल्याचं सांगितलं. मुलगा हळू आवाजात म्हणाला, फार सभ्य बोलायचे ते. त्यांनीच विक्रीसाठी नोंदणी केली होती, शुल्काचा पहिला हप्ताही भरला होता, आणि मग त्यांचा फोन येणं बंद झालं.

बाईंना यातलं काही माहीत नव्हतं. पण शेवटच्या हिवाळ्यात लिफ्टवाल्यांनी नव्या चष्म्याचं काम उगाच पुढे ढकललं होतं, आणि विचारलं की विषय टाळत होते, ते त्यांना आठवलं. बाईंना ते खरं वाटलं. आणि ते खरंच होतं, हे नंतर कळलं.

दोन दिवसांनी तोच मुलगा पुन्हा. या वेळी मॅडमच्या जागी काकू. काकू, शुल्काचा दुसरा हप्ता महिनाअखेरपर्यंत भरला नाही तर फाइल बंद होईल, साहेबांनी भरलेले पैसेही बुडतील. गिऱ्हाईक घाईत आहे. बाईंनी त्यातलं निम्मं ऐकलंच नाही. त्यांनी विचारलं, "ते काय बोलायचे तुझ्याशी?"

मुलगा म्हणाला, "म्हणायचे, माझ्यामागे बायकोच्या डोक्याला ताप नको. त्यांच्या मनात शेवटपर्यंत तुमचाच विचार होता, काकू." आणि त्याने हुंदक्यासारखा श्वास घेतला.

बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आपल्या पाठीमागे ह्यांनी कोणाशी तरी असं बोलावं, आणि ते बोलणं इतक्या दिवसांनी फिरून आपल्यापर्यंत यावं, याचं त्यांना काय वाटलं ते त्यांनाच सांगता आलं नसतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आणखी काय म्हणाले?"

त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी दुपारी फोन यायला लागला. फोनशी ज्यांचं जन्माचं वैर व्हायला हवं होतं त्या बाई फोनची वाट बघायला लागल्या. बाथरूममध्ये जाताना फोन बरोबर न्यायच्या. मुलगा तळ्याबद्दल विचारायचा आणि बाई सांगायच्या. कडीबद्दल सांगितलं, शिलाई मशीनच्या जाहिरातीबद्दल सांगितलं. पुढच्या फोनमध्ये तो म्हणायचा, "हो, साहेबही त्या खिडकीबद्दल बोलले होते." आपणच घातलेला चारा आपल्यालाच परत मिळतो आहे, हे बाईंच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेलही. भुकेल्या माणसाने ताटाकडे बघायचं नसतं.

एक दिवस त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे फोन रेकॉर्ड होतात का रे?"

नोकरीच्या शेवटी-शेवटी इस्पितळातही तसं यंत्र बसवलं होतं, म्हणून विचारलं. मुलगा म्हणाला, "हो. सगळे होतात, आई."

काकूची आई झाली ती त्या दिवशी. ज्यांना आई म्हणणारं कोणी नव्हतं, त्यांना तो शब्द कुठे लागला असेल ते सांगायला नको.

"ह्यांचे फोनही असतील?"

"असणारच. फाइलबरोबर जोडलेले असतात."

"मला ऐकवशील?"

"फाइल पूर्ण झाली की सगळं तुम्हालाच मिळेल. कंपनीचा नियम आहे."

त्या दिवसापासून बाईंना खोली विकायची नव्हती, किंमत नको होती, गिऱ्हाईक असलं काय नसलं काय. त्यांना ते रेकॉर्डिंग हवं होतं. तरी जुन्या सवयीने त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले. तुमचं शुल्क विक्रीच्या रकमेतूनच का कापून घेत नाही? मुलगा म्हणाला, कायद्यात बसत नाही, आधीच भरावं लागतं. मी रिसॉर्टला फोन करून विचारू का? तो घाईने म्हणाला, अजिबात नको, मालकांनी विकलेलं त्यांना नको असतं, ते व्यवहार मोडतील. घरातही आताच कोणाला बोलू नका. पैसे ज्या खात्यात भरायचे ते कंपनीच्या नावाचं नव्हतं, कोणा भलत्याच माणसाचं होतं. त्यालाही त्याच्याकडे उत्तर तयार होतं.

यातली एकेक गोष्ट बाईंच्या डोक्यात घंटा वाजवत होती. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत असं झालं असतं तर त्यांनीच त्याला सांगितलं असतं, बाबा रे, विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे हा कुठला व्यवहार? विकणाऱ्याला पैसे मिळतात. पण घंटा ऐकू येणं वेगळं आणि उठून दार उघडणं वेगळं.

त्या ठेव मोडायला बँकेत निघाल्या. जिन्यात नणंद भेटली. भर दुपारी पर्स छातीशी धरून वहिनी निघालेली पाहिल्यावर कवायतीच्या बाईंनी वाटच अडवली. बाईंनी आधी उडवाउडवी केली, मग थोडंफार सांगितलं. रेकॉर्डिंगचं नाही सांगितलं. गिऱ्हाईक आहे, शुल्क भरायचं आहे, मुलगा चांगला आहे, आता आईच म्हणतो, एवढंच.

नणंद म्हणाली, "मॅडमची काकू झाली, काकूची आई झाली. आता पुढची पायरी काय? आईचं सगळं मुलाच्या नावावर."

एरवी बाई हसल्या असत्या. त्या दिवशी त्या इतक्या थंडपणे म्हणाल्या, की नणंद बाजूला झाली. "वन्सं, तुम्हाला नाही कळायचं."

बँकेत गर्दी होती. नंबर घेऊन बाई बाकावर बसल्या. इतक्यात त्याचाच फोन आला. आजचा दिवस शेवटचा आहे, आई, पैसे जाईपर्यंत फोन चालू ठेवा, मी तुमच्याबरोबर आहे, म्हणाला. बाईंनी फोन कानाला धरून ठेवला. मुलगा कोणाशी तरी बोलायला वळला असावा, कारण त्याचा आवाज दूर गेला आणि मागची खोली ऐकू यायला लागली. खुर्च्या सरकत होत्या, खूप जण एकदम बोलत होते. अशा गोंधळातून एकेक आवाज वेगळा काढण्यात बाईंचं आयुष्य गेलं होतं. त्यातून एक मुलीचा आवाज अगदी जवळून, शेजारच्याच टेबलावरून आला. मऊ होता, दुःखी होता.

"त्यांच्या मनात शेवटपर्यंत तुमचाच विचार होता, काका."

बाई बाकावर हलल्या नाहीत. कुठेतरी एक म्हातारा माणूस फोन कानाला धरून बसला होता आणि आपल्या गेलेल्या बायकोबद्दल हे ऐकत होता. वाक्य तेच, शब्द तेच, शेवटी हुंदक्यासारखा घेतलेला श्वासही तोच. फक्त काकूच्या जागी काका होता.

मुलगा परत फोनवर आला. "झालं का, आई?"

"बाळ," बाई म्हणाल्या, "तुझ्या शेजारची मुलगी काय म्हणाली ते मी ऐकलं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"एक खरं सांग. ह्यांचं रेकॉर्डिंग आहे तुझ्याकडे?"

"पैसे भरा, मग बघू." आई हा शब्द गळाला होता.

"आधी ऐकव. सगळं नको. त्यांच्या तोंडचा एक शब्द ऐकव. माझा नंबर आला की सगळे पैसे भरते. मला खोलीचं काही नको."

पलीकडे बराच वेळ नुसते इतरांचे आवाज येत राहिले. मग फोन बंद झाला.

खिडकीवरच्या माणसाने त्यांचा नंबर पुकारला, पुन्हा पुकारला. बाई उठल्या, काचेपाशी गेल्या आणि काही नको म्हणाल्या. पैसे वाचले. पण बाई पुढे ही गोष्ट कोणालाही सांगताना आपण हुशार ठरलो असं कधी म्हणाल्या नाहीत. त्या म्हणायच्या, त्याच्याकडे तो एक शब्द असता ना, तर मी कंगाल होऊन हसत घरी आले असते.

घरी न जाता त्या सरळ नणंदेच्या दारात गेल्या आणि सगळं सांगून टाकलं, रेकॉर्डिंगसकट. आता शिटी वाजणार म्हणून मान खाली घालून बसल्या. नणंदेने चहा ठेवला. कप पुढे ठेवताना म्हणाली, "माझा भाऊ होता तो. मलाही ऐकायचा होता." मग डोळे पुसून तिने नेहमीचा आवाज लावला, "आता त्या तळ्यावाल्यांना फोन लाव. त्या पोराने दिलेल्या नंबरवर नको. आपल्या बिलावरचा नंबर बघ."

रिसॉर्टच्या काउंटरवर एक बाई होती, कित्येक वर्षं तीच. हॅलोबाईंनी "हॅलो" म्हटल्याबरोबर ती म्हणाली, "अहो, दुसऱ्या मजल्याच्या तुम्ही! किती दिवसांनी!" बाईंनी विचारलं, असं असं गिऱ्हाईक आहे का? काउंटरवाली म्हणाली, गिऱ्हाईक वगैरे काही नसतं हो. जुने आठवडे आता फुकट दिले तरी कोणी घेत नाही. कुठून तरी मालकांची यादी हाती लागते आणि हे लोक एकेकाला फोन करतात. आधी पैसे मागितले की समजायचं. एकदा भरलेल्या माणसाच्या घरी पुन्हापुन्हा फोन येतात, तो गेला तर त्याच्या बायकोला येतात.

"म्हणजे ह्यांनी भरले होते?"

काउंटरवाली घुटमळली. मग म्हणाली, त्यांनी मला फोन केला होता. पैसे भरून बसले होते, मग शंका आली म्हणून इथे विचारलं. मी सांगितलं, फसलात, तक्रार करा. फार शरमले. म्हणाले, इतकी वर्षं कोणाला दाद दिली नाही आणि म्हातारपणी गाडी अशी घसरली. मी त्यांना म्हटलं, जुन्या मालकांकडून रिसॉर्ट आठवडा परत घेतं, बिलं भरलेली असली की झालं, वेगळा खर्च नाही. देऊन टाका, सुटाल.

"मग? ते काय म्हणाले?"

"म्हणाले, बायकोला विचारून सांगतो. आणि मग त्यांचा फोनच आला नाही."

बाई आधी हसल्या. इतक्या मोठ्याने हसल्या की नणंद स्वयंपाकघरातून बाहेर आली. मग त्या रडल्या, आणि बराच वेळ रडत राहिल्या. ह्यांनी नेहमीसारखं टाळलं होतं, की एकदा तरी खरंच विचारणार होते? पैसे गेल्याचं कबूल करायला लागेल म्हणून तोंड उघडलं नाही, की ती खिडकी आपल्याकडून जाऊ नये असं त्यांना वाटलं? त्या हिवाळ्यात ते कधीकधी खुर्चीत पुढे सरकून बसायचे, काही बोलणार असं वाटायचं, आणि मग पंख्याकडे बघत राहायचे. बाईंनीही विचारलं नव्हतं. त्या वाक्याचा अर्थ लावायला ज्यांना विचारायचं, तेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी दोघी पोलिसांकडे गेल्या. सायबर तक्रारींच्या खोलीतल्या इन्स्पेक्टरबाईंनी सगळं लिहून घेतलं. तो नंबर तोवर बंद झाला होता. लिफ्टवाल्यांचे पैसे परत मिळायची आशा धरू नका, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. वर हेही बजावलं, की आता कोणीतरी वकील म्हणून फोन करेल, बुडालेले पैसे काढून देतो म्हणेल, तोही त्यांच्यातलाच असेल. हॅलोबाईंनी निघताना विचारलं, ती माणसं पकडली आणि त्यांच्याकडे जुनी रेकॉर्डिंग सापडली, तर मला कळवाल? इन्स्पेक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. असं काही असेल असं वाटत नाही, म्हणाल्या. पण नंबर लिहून घेतला.

वकिलाचा फोन आला, आठवड्याच्या आतच. भारदस्त आवाज होता. नणंद तिथेच बसली होती. तिने फोन हातातून घेतला, सगळं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "फी किती? आधी भरायची ना? मग एक काम करा, तुमची फी आमच्या बुडालेल्या पैशांतूनच कापून घ्या आणि उरलेले पाठवा." पलीकडे फोन आपटल्याचा आवाज आला. नणंदेला त्या दिवशी दोनदा भूक लागली.

आठवडा परत करायचं ठरलं. पण त्या वर्षीचं बिल भरून झालं होतं, तेव्हा शेवटचं एकदा जाऊन यायचं असं बाईंनी ठरवलं. एकटीच जाणार होत्या. निघायच्या दिवशी नणंद खाली बॅग घेऊन उभी, तीही लग्नघराला पुरेल एवढी बॅग. कोणी तिला बोलावलं नव्हतं. "माझ्या भावाचा बावन्नावा हिस्सा आहे," ती म्हणाली. "वारसाहक्काने येतेय."

खोली तशीच होती, पडदे तेवढे बदलले होते. खिडकीची कडी गंजून बसली होती आणि बाईंनी तेल आणलं नव्हतं; दोघींनी मिळून ती ओढून पाहिली, हलली नाही, मग खालून माणूस बोलावला. पहिले दोन दिवस बाईंना तिथे राहवेना. शेजारच्या पलंगावर नणंद घोरायची, पाणी कोमट नाही म्हणून तक्रार करायची, तळ्याभोवती रोज सकाळी हात हलवत कवायतीसारख्या फेऱ्या घालायची. तिसऱ्या दिवशी तिने रिसेप्शनवरून वर्तमानपत्र उचलून आणलं आणि मोठ्याने वाचायला लागली. वाईट वाचायची. शाळेत सूचना वाचतात तशी. बाईंनी डोळे मिटून घेतले. भाऊ-बहिणीच्या आवाजात काही साम्य असेल असं त्यांना आजवर कधी वाटलं नव्हतं, आणि तेव्हाही वाटलं नाही. पण 'विकणे आहे' म्हणताना 'णे' वर जरासा जो जोर पडला, तो मात्र त्यांनी ओळखला. तो त्या घरचाच होता.

"परत वाच ते," त्या म्हणाल्या. नणंदेला अहोजाहो करायचं राहून गेलं. नणंदेनेही काही मनावर घेतलं नाही, परत वाचलं.

निघताना काउंटरवर सह्या झाल्या. रिसॉर्टने आठवडा परत घेतला, बदल्यात काही दिलं नाही, काही मागितलंही नाही. काउंटरवाली म्हणाली, कधीही फोन करा.

त्यानंतर बाई इस्पितळाच्या निवृत्त लोकांच्या बैठकीत आपली हकिकत सांगू लागल्या. फार शिकवण्याचा आव न आणता, जसं झालं तसं. एका कंपाउंडरच्या घरी असाच फोन चालू असल्याचं त्यातून कळलं आणि त्याचा व्यवहार वेळेवर थांबला. बाईंना त्या दुसऱ्या काकांची आठवण यायची. त्यांनी पैसे भरले असतील का, आणि नसतील तर मग रोजच्या दुपारचं ते काय करत असतील?

पुढच्या वर्षी तो आठवडा आला. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्या दिवसांत जायला जागा नव्हती. बाईंनी कपाट आवरलं, मग पुन्हा आवरलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी तळ्यावर फोन लावला. काउंटरवालीने ओळखलं. बाईंनी विचारलं, खोलीत कोणी आहे का? आहे, ती म्हणाली, नवराबायको आणि दोन पोरं, दिवसभर धुडगूस चालू आहे. तळ्याला पाणी कसं आहे? भरपूर आहे. वारा? आहे की.

मग काउंटरवालीलाच काय वाटलं कोण जाणे. थांबा, म्हणाली, आणि फोनची लांब वायर ओढत ती बाहेरच्या पायरीपर्यंत गेली असावी, कारण आवाज एकदम मोकळा झाला. दूर कोणाचं तरी पोर ओरडत होतं. काठाशी पाणी लागत होतं. बाकी नुसता वारा.

"येतंय का ऐकू?" काउंटरवालीने मधेच विचारलं.

"येतंय," हॅलोबाई म्हणाल्या. "हात दुखत नसेल तर अजून जरा धर."